यजमानांच्या घरी राहताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

परदेशातील यजमान कुटुंबात राहून शिकणाऱ्या मुलामुलींविषयी मागील अंकात लेख आला होता. त्यानंतर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. विमानभाडे आणि व्हिसा यांविषयी त्यांत फारसे काही नाही. बहुतेकांनी ताट, अंघोळ, घरकाम आणि रीतभात यांविषयीच विचारले आहे. जर्मन भाषा शिकवताना आणि विद्यार्थ्यांना अशा घरांकडे पाठवताना मलाही हेच प्रश्न सर्वांत जास्त विचारले गेले आहेत, आणि ते क्षुल्लक आहेत असे मला कधीही वाटले नाही. निवडक पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : माझी सोळा वर्षांची मुलगी विद्यार्थी-विनिमय योजनेतून वर्षभरासाठी जर्मनीला एका कुटुंबात राहायला जाणार आहे. आमचे घर माळकरी आहे, घरात अंडेसुद्धा येत नाही. ज्या भांड्यांत मांस शिजते त्यांतले तिने कसे खावे? तिने वेगळी भांडी मागावीत का? (एक आई, लातूर)

उत्तर : ताई, प्रथम हे लक्षात घ्यावे की एएफएस किंवा रोटरी यांच्यासारख्या विनिमय योजनांत मूल ठेवून घेणाऱ्या कुटुंबाला सहसा कोणताही मोबदला मिळत नाही. ती माणसे आपल्या घरातली एक खोली, रोजचे जेवण आणि स्वतःचा वेळ केवळ आपुलकीने देतात, आणि आलेल्या मुलाने घरातल्या लेकरासारखे राहावे एवढीच त्यांची अपेक्षा असते. त्यामुळे वेगळी भांडी, वेगळा ओटा किंवा वेगळे कपाट मागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःचे एक छोटे पातेले आणि झाकणाचा डबा बरोबर नेण्यास हरकत नाही. ‘हे मी माझ्यासाठी वापरेन’ असे सांगितले तर कोणी वाईट वाटून घेत नाही. मात्र एकाच फ्रिजमध्ये शेजारच्या डब्यात मांस असेल, टेबलावर समोरच्या ताटात ते दिसेल आणि सुरी-काटे सर्वांचे एकत्र धुतले जातील, हे तुम्ही आणि मुलीने आजच स्वीकारायला हवे. ते मनाला पटत नसेल तर यजमान कुटुंबाचा आग्रह सोडावा आणि पुढे कधीतरी, स्वतःचे स्वयंपाकघर मिळेल अशा वसतिगृहात राहून शिकण्याचा मार्ग धरावा. त्यात कमीपणा काहीच नाही. वर्षभर मन मारून बसलेले लेकरू यजमानांनाही बघवत नाही.

तुम्ही जाण्याचे ठरवले असेल तर अर्जातील आहाराचा रकाना अत्यंत काळजीपूर्वक भरावा. तेथे केवळ ‘शाकाहारी’ एवढेच लिहून भागत नाही, कारण युरोपात शाकाहारी माणूस अंडी खातो असेच धरले जाते. मांस, मासे, अंडी, हाडामांसाचा रस्सा, प्राण्यांची चरबी आणि जिलेटिन चालत नाही, दूध, दही, लोणी आणि चीज चालते, असे एकेक पदार्थाचे नाव घेऊन लिहावे. केक, पॅनकेक आणि दक्षिण जर्मनीतल्या स्पेट्झले नावाच्या शेवयांसारख्या पदार्थात अंडे असते. त्याबाबत तुमच्या घरची मर्यादा कोणती, हे मुलीशी बोलून आधीच ठरवावे. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तेही लिहावे, पण चार महिने तो नियम परक्या स्वयंपाकघरात पाळणे फार अवघड जाईल, तेव्हा त्यापैकी नेमके काय सांभाळायचे याचा विचार वडीलधाऱ्यांच्या संमतीने करावा.

नजरेला न दिसणारे मांस कोठे असते तेही तिला सांगून ठेवा. मसुराच्या सूपमध्ये खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. आंबवलेली कोबी आणि लाल कोबी अनेक घरांत चरबीत शिजवतात. रबरासारख्या लवचिक गोळ्या आणि काही मलईदार गोड पदार्थ यांत जिलेटिन असते. पार्मेझान हे इटालियन चीज वासराच्या जठरातल्या विरजणाने बनते, त्याला पर्यायच नसतो. आपल्याकडे पाकिटावर हिरवा ठिपका छापणे बंधनकारक आहे, तसे युरोपात नाही. काही पाकिटांवर पिवळ्या वर्तुळात हिरव्या ‘व्ही’चे चिन्ह दिसते, पण ते लावायचे की नाही हे उत्पादक ठरवतो.

तरी मूल उपाशी राहणार नाही. उकडलेले बटाटे आणि त्यावर क्वार्क, म्हणजे चक्क्याच्या जवळ जाणारा दुधाचा पदार्थ, हे तिकडचे नेहमीचे साधे जेवण आहे, आणि पूर्व जर्मनीतल्या लाउझित्स भागात त्यावर जवसाचे तेल घालतात. जवसाची चटणी खाऊन वाढलेल्या मुलीला ती चव परकी वाटणार नाही. तुर्की लोकांची दुकाने बहुतेक शहरांत आहेत, आणि तेथे मसूर, हरभरे, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर हे सगळे मिळते.

प्रश्न : मी दक्षिण जर्मनीत एका कुटुंबात राहते. पहिल्या आठवड्यात होस्ट मदरनी ‘आणखी वाढू का’ म्हणून विचारले आणि मी नाही म्हणाले. त्यांनी पुन्हा विचारलेच नाही. रात्री तर फक्त पाव, चीज आणि काकडी असते. मला इथे कोणी मनापासून ठेवून घेतलेले नाही, असे सारखे वाटते. (एक विद्यार्थिनी, मूळ गाव परभणी जिल्ह्यात)

उत्तर : तुझे पत्र वाचून मन कळवळले, कारण तू उपाशी राहिलीस आणि त्यात त्या बाईंचा किंवा तुझा कोणाचाही दोष नाही. आपल्याकडे पाहुण्याने पहिल्यांदा ‘नको’ म्हणायचे, यजमानाने दुसऱ्यांदा वाढायला यायचे, पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा आणि तरीही अर्धी भाकरी ताटात पडायची, ही सगळी देवघेव दोन्ही बाजूंना ठाऊक असते. तिकडे तसे नाही. ‘नाही’ म्हटलेल्या माणसाला पुन्हा विचारणे म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणे, असे ते मानतात. होस्ट मदरनी तुला पुन्हा विचारले नाही तो तुझ्या बोलण्याचा मान होता, आणि तुझे पोट रिकामे आहे हे त्यांना कळायला दुसरा मार्गच नव्हता. आज संध्याकाळी टेबलावर बसशील तेव्हा ‘मला आणखी हवे आहे’ असे सरळ म्हण, आणि जमल्यास त्यांच्याशी निवांत बसून बोल. आमच्याकडे आधी नको म्हणण्याची रीत आहे, म्हणून मी नको म्हटले, पण मला भूक होती, एवढे सांगितलेस की बाई चकित होतील आणि बहुधा हळहळतील.

रात्रीच्या थंड जेवणाविषयी. पुष्कळ जर्मन घरांत गरम स्वयंपाक दुपारी होतो आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास पाव, लोणी, चीज, लोणच्याच्या काकड्या आणि कच्च्या भाज्या मांडून सर्वजण बसतात. पाहुण्याला उरलेसुरले देण्याचा हा प्रकार नाही. घरातले आजी-आजोबाही तेच खातात. त्या पावांकडे जरा लक्ष दे. राईचा काळसर, आंबवलेला पाव जड आणि आंबूस असतो, पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही, पण पोटाला भाकरीइतकाच आधार देतो. बरोबर शेंगदाण्याची चटणी नेली असशील तर लोण्याच्या पावावर भुरभुरून खा आणि घरच्यांनाही विचार, मात्र त्याआधी या अंकातले जालन्याच्या वाचकांना दिलेले उत्तर वाच.

गरम खाण्याची ओढ राहिलीच तर ‘संध्याकाळी मी माझ्यासाठी थोडी खिचडी शिजवली तर चालेल का’ असे विचार. फ्रिजमधले काय आपण होऊन घ्यायचे आणि काय विचारून घ्यायचे, हेही एकदाच विचारून घ्यावे. हे सगळे विचारणे तुला उद्धटपणाचे वाटेल हे मी जाणते, कारण आपल्या घरांत मुलीने स्वतःसाठी काही मागणे चांगले समजले जात नाही. मी शिकवलेल्या मुलींना याच एका गोष्टीचा सर्वांत अधिक त्रास झाला आहे, म्हणून इतके आग्रहाने लिहिते.

टेबलावरच्या रीती थोड्याच आहेत. सर्वजण बसेपर्यंत आणि कोणीतरी ‘चांगली भूक लागो’ अशा अर्थाची शुभेच्छा देईपर्यंत सुरुवात करू नये. आपणच वाढून घ्यावे, पण थोडे थोडे, कारण ताटात टाकलेले त्यांना आवडत नाही. आपले झाले तरी इतरांचे होईपर्यंत बसून राहावे. दिवसभरात काय घडले ते सांगण्याची तीच वेळ असते आणि भाषाही तेथेच येते. उठताना ताटे उचलायला हात लाव.

प्रश्न : संकोचाने विचारतो. तिकडच्या शौचालयात पाणी नसते असे ऐकले आहे. अंघोळही दोनच मिनिटांत आटोपायची म्हणतात. (एक विद्यार्थी, हिंगोली)

उत्तर : संकोचाचे कारण नाही, हा प्रश्न मनात असतो सर्वांच्या, विचारणारे थोडे. जर्मनीत आणि युरोपच्या बऱ्याच भागांत केवळ कागद असतो. एक छोटी प्लास्टिकची बाटली जवळ ठेवावी आणि वापरानंतर आपल्या खोलीत परत न्यावी. तेथील बाथरूमच्या जमिनीला बहुधा पाणी वाहून जाण्यासाठी जाळी नसते, पाणी फक्त टबातून किंवा शॉवरच्या कोपऱ्यातून जाते. बादलीने सांडलेले पाणी दाराबाहेर किंवा खालच्या मजल्यावर उतरते आणि मोठे नुकसान होते, म्हणून पडदा नीट लावावा आणि नंतर जमीन कोरडी करावी.

पाणी जपून वापरण्याची सक्ती तेथे टंचाईमुळे नसते. गरम पाण्याला इंधन लागते आणि त्याचे बिल मोठे येते. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आलेले पाहिलेल्या मराठवाड्यातल्या मुलांना याबाबत शिकवण्यासारखे फार काही नाही. नळाचे पाणी तसेच पिता येते. कपडे यंत्रात आठवड्यातून एक-दोनदाच धुतले जातात, तेव्हा त्या बेताने कपडे न्यावेत. रविवारी दुकाने बंद असतात आणि घराघरांत शांतता पाळतात. त्या दिवशी मोठ्याने गाणी लावू नयेत.

प्रश्न : मुलगा यजमानांसाठी आपल्याकडचा स्वयंपाक करू इच्छितो. बरोबर काय द्यावे? भेट म्हणून काय न्यावे? (एक दांपत्य, जालना)

उत्तर : हा बेत फार चांगला आहे. आपल्या हातचे जेवण वाढल्यावर जे नाते जमते ते महिन्याभराच्या गप्पांनी जमत नाही. पण स्वयंपाकाला लागण्यापूर्वी त्याने घरातल्या प्रत्येकाला ॲलर्जी आहे का ते विचारलेच पाहिजे. युरोपीय संघाच्या नियमांनुसार ज्या १४ अन्नघटकांची नोंद सक्तीने करावी लागते, त्यांत शेंगदाणा, तीळ आणि मोहरी ही तिन्ही आहेत. मराठवाड्याच्या स्वयंपाकातून हे तीन काढले तर फारसे काही उरत नाही. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाचा श्वास काही मिनिटांत कोंडू शकतो, तेव्हा ‘थोड्याने काय होते’ हे वाक्य येथे पूर्णपणे विसरावे. कूट, तीळ आणि फोडणीतली मोहरी कशात घातली आहे ते पदार्थ मांडतानाच सांगावे.

नेताना पाहावयाची दुसरी गोष्ट म्हणजे सीमाशुल्काचे नियम. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई आहे, अगदी स्वतःच्या खाण्यासाठीसुद्धा. म्हणजे घरचे तूप, पेढे, खवा हे सगळे राहिले. ताजा कढीपत्ता आणि ताज्या मिरच्याही प्रमाणपत्रावाचून नेता येत नाहीत. कोरडा काळा मसाला, येसर, मेतकूट, कारळाची आणि जवसाची चटणी, वाळवलेल्या कुरडया आणि पापड, हे सगळे नीट बंद पाकिटांत, वर नाव लिहून द्यावे.

भाकरीच्या मागे पहिल्याच वेळी लागू नये. तेथल्या बहुतेक शेगड्या काचेच्या पृष्ठभागाच्या असतात, ज्योत नसते, आणि खरबरीत बुडाचा तवा घासला की काचेवर ओरखडे उठतात. त्याऐवजी सपाट बुडाच्या तव्यावर धपाटे चांगले जमतात. ज्वारीचे पीठ तेवढे थोडे न्यावे, कणीक आणि बेसन तिकडे मिळते. भाताबरोबर येसराची आमटी करावी आणि तिखट निम्म्याहूनही कमी घालावे. लाल मिरचीची फोडणी मात्र खिडकी उघडून, मंद आचेवर द्यावी, कारण स्वयंपाकघर बसण्याच्या खोलीला लागूनच असते, घरात धुराचे गजर बसवलेले असतात आणि ठसका बसला की सगळे घर बाहेर पळते. सुशीला हा आपल्याकडचा नाश्ता मला यासाठी सर्वांत सोयीचा वाटतो. मुरमुरे हलके असतात, खूप तेल लागत नाही आणि मुलांनाही आवडतो.

भेट म्हणून महागडी पैठणी नेण्याची गरज नाही. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल न्यावी आणि ती कोठे, कशी विणतात ते मुलाने स्वतः शिकून सांगावे.

प्रश्न : मी मुस्लिम असून जर्मनीला शिकायला जाणार आहे. होस्ट फॅमिलीत हलाल आणि रोजे कसे सांभाळावेत? (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : १९६१ साली तेव्हाचा पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगारांविषयी करार झाला आणि त्यानंतर लाखो तुर्की कुटुंबे तेथे स्थायिक झाली, त्यामुळे हलाल मांसाची दुकाने लहान शहरांतही सापडतात. घरात मात्र वर लातूरच्या ताईंना सांगितलेली, नजरेला न दिसणाऱ्या मांसाची यादीच तुम्हालाही लागू पडते, आणि तिच्यात पदार्थात घातलेली वाइन जोडावी. मांसाबाबत अडचण वाटली तर घरात शाकाहारी जेवण घ्यावे, हा सर्वांत सोपा मार्ग आहे. रमजान दरवर्षी सुमारे अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि येत्या काही वर्षांत तो हिवाळ्यात येणार आहे. उत्तर जर्मनीत डिसेंबरातला दिवस जेमतेम आठ तासांचा असतो, तेव्हा रोजा आपल्यापेक्षा लवकर सुटेल. सहरीला पहाटे स्वयंपाकघरात वावरणार असाल तर आधी सांगून ठेवावे, आणि एका संध्याकाळी घरच्यांना इफ्तारला आपल्याबरोबर बसवावे.

एकादशी, चतुर्थी आणि श्रावणी सोमवार करणाऱ्यांनीही असेच आधी सांगावे. न सांगता जेवण नाकारले तर लेकरू आजारी आहे किंवा रुसले आहे, असा समज होतो.

प्रश्न : शाळेतर्फे दोन आठवडे जपानी घरी राहायला जाणार आहे. काय लक्षात ठेवू? (एक विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : दाराशी चपला-बूट काढणे तुला नवे नाही. नवे एवढेच की आत घालायच्या सपाता वेगळ्या, शौचालयात घालायच्या त्याहून वेगळ्या, आणि गवती तातामी चटयांवर कोणत्याच नाहीत. टबातले गरम पाणी सर्व कुटुंबासाठी एकच असते, म्हणून आधी बाहेर साबणाने स्वच्छ अंघोळ करून मगच टबात शिरायचे आणि पाणी सोडून द्यायचे नाही. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नकोस, आणि एकाच्या चॉपस्टिकमधून दुसऱ्याच्या चॉपस्टिकमध्ये घासही देऊ नकोस. या दोन्ही गोष्टी तेथे अंत्यविधीशी जोडलेल्या आहेत.

शाकाहारी असशील तर जपान जर्मनीपेक्षा कठीण आहे हे आधीच सांगते. सुकवलेल्या माशाच्या कापांपासून काढलेले दाशी नावाचे पाणी मिसो सूपपासून भाज्यांपर्यंत सगळ्यात असते आणि पुष्कळ जपानी माणसांना ते मांसाहारात मोडते असे वाटतही नाही. कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीपासूनही दाशी होते, ती चालेल असे यजमानांना पत्रातूनच कळव. भात, टोफू, आंबट उमेबोशी फळ घातलेले भाताचे गोळे आणि लोणची यांवर दोन आठवडे सहज निघतात.

प्रश्न : मुलगी जर्मन शिकते आहे आणि ‘ओ-पेअर’ म्हणून एका कुटुंबात जाऊ इच्छिते. नातेवाईक म्हणतात, हे मोलकरणीचे काम आहे. आम्ही पाठवावे का? (एक वडील, धाराशिव)

उत्तर : दादा, नातेवाइकांची शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर नियमांत आहे. ओ-पेअर म्हणजे कुटुंबात राहून मुलांना सांभाळणारी आणि भाषा शिकणारी तरुण व्यक्ती. जर्मनीत अर्ज करताना वय १८ ते २६ असावे लागते, जर्मन निदान ए१ या सर्वांत पहिल्या पातळीपर्यंत यावे लागते, मुक्काम ६ ते १२ महिन्यांचा असतो. काम दिवसाला ६ आणि आठवड्याला ३० तासांहून अधिक देता येत नाही. स्वतंत्र खोली, जेवण, विमा आणि महिना २८० युरो हातखर्च कुटुंबाने द्यायचा असतो, भाषावर्गासाठीही मदत करायची असते. मुलांचे जेवण गरम करणे, त्यांना शाळेतून आणणे, त्यांची खोली आवरणे हे काम तिचे. आजारी वृद्धांची शुश्रूषा किंवा सगळ्या घराची साफसफाई हे तिचे काम नाही.

पाठवावे, असे मी म्हणेन, पण करार हातात पडल्यावर आणि कुटुंबाशी व्हिडिओवर किमान दोन-तीनदा निवांत बोलून झाल्यावरच. त्या बोलण्यात मुलीने स्वतः विचारावे की दिवस कसा जातो, स्वयंपाक कोण करते, सुटी कोणत्या दिवशी आणि तिच्या खोलीला कुलूप आहे का. उत्तरे देताना टाळाटाळ करणाऱ्या कुटुंबाला नकार द्यावा. मोठी रक्कम आगाऊ मागून कुटुंबाचे नाव शेवटपर्यंत न सांगणाऱ्या दलालापासून दूर राहावे. एखाद्या घरी पटले नाही तर दुसरे कुटुंब शोधता येते, हे तिला जाण्यापूर्वीच सांगून ठेवा, आणि करार जर्मन व इंग्रजी दोन्ही भाषांत घेऊन त्याची एक प्रत तुमच्याजवळ ठेवा.